सोडियम हायड्रोसल्फाइडची बाटली, बीटा पेशींवर सात महिने वापरून: ५ पैकी ३ स्टार

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे घोळ नको. हे लॅबमधलं केमिकल आहे, बीटा पेशींवर (स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी) टाकून बघायचं, पोटात घ्यायचं सप्लिमेंट नाही. मध्यंतरी ओळखीतल्या एकाने सहज विचारलं, "एचटूएस डायबेटिसला चांगलं असतं असं वाचलं, तू त्याच्यावरच काम करतेस ना, मग थोडं मिळेल का?" आणि मी ताडकन खुर्चीतून उठले. ॲसिड लागलं की या खड्यांतून हायड्रोजन सल्फाइड, म्हणजेच एचटूएस, गॅस भसाभस सुटतो, आणि जठरात ॲसिडच असतं, बाकी समजून घ्या. त्यामुळे हा रिव्ह्यू ज्यांना पेशींवर एचटूएस टाकून बघायचंय त्यांच्यासाठी, आणि ज्यांना नुसतंच कुतूहल आहे की सडक्या अंड्याच्या वासाच्या गॅसचं इन्सुलिनशी काय देणंघेणं, त्यांच्यासाठी.

तर देणंघेणं आहे, आणि बरंच आहे. हा गॅस आपलं शरीर स्वतःच बनवतं, अगदी थोडा, सिस्टीन नावाच्या अमिनो ॲसिडपासून. बनवणारी एन्झाइम तीन, सीबीएस, सीएसई आणि थ्री-एमएसटी, त्यातलं सीएसई बीटा पेशींच्या बाबतीत सारखं चर्चेत असतं. १९९६ साली आबे आणि किमुरा यांनी दाखवलं की मेंदूत हा गॅस निरोप्याचं काम करत असावा, तोपर्यंत सगळे याला गटारातलं विष म्हणूनच ओळखायचे. मग २००१ मध्ये रुई वांग यांच्या ग्रुपने दाखवलं की रक्तवाहिन्या सैल करताना एचटूएस केएटीपी चॅनल, म्हणजे पेशीच्या आवरणातलं पोटॅशियमचं एक दार, उघडतो. आता केएटीपी हे नाव ऐकलं की डायबेटिसवाल्यांचे कान टवकारतातच, कारण बीटा पेशीचं अख्खं दुकान याच चॅनलवर चालतं. ग्लुकोज आत आलं, एटीपी (पेशीचं इंधन) वाढलं, पोटॅशियमचं हे दार बंद झालं, पेशीचा चार्ज बदलला, मग कॅल्शियमचं दार उघडलं, आणि कॅल्शियम आत घुसलं की इन्सुलिनच्या पिशव्या बाहेर रिकाम्या. ग्लिबेनक्लामाइडसारख्या डायबेटिसच्या गोळ्या हेच पोटॅशियमचं दार बंद करून इन्सुलिन काढून घेतात. आणि एचटूएस? तो बरोब्बर उलटा, दार उघडं धरून बसतो. २००५ मध्ये उंदराच्या आयएनएस-१ई पेशींवर (लॅबमध्ये वाढवलेल्या, इन्सुलिन सोडणाऱ्या) हे दाखवून झालं, २००६ मध्ये किमुरांच्या सोबतच्या गटाने एमआयएन६ या तशाच पेशींवर आणि उंदरांच्या आयलेट्सवर (स्वादुपिंडातले बीटा पेशींचे पुंजके) दाखवलं की सिस्टीन घातलं किंवा सोडियम हायड्रोसल्फाइड घातलं तरी इन्सुलिन दबतं.

म्हणून मी ही बाटली मागवली. विक्रेत्याचं नाव घेत नाही, कारण खाली तक्रारी आहेत आणि माझ्या मते त्या सगळ्याच विक्रेत्यांना थोड्याफार लागू होतात.

पॅकिंग. तपकिरी काचेची बाटली, आत पिवळट पांढरे खडे, झाकणाला टेप. खोका उघडला आणि बाटलीचं झाकण अजून बंद असतानाच शेजारच्या बाकावरून आवाज आला, "अगं, आणलंस वाटतं!" वास इतका बारीक फटीतून येतो की काय सांगू, नाकाला एक पीपीएमच्या (दहा लाखांत एक भाग) कितीतरी खालीही तो कळतो. बाटलीवर ‘हायड्रेट’ असं लिहिलेलं, आणि फॉर्म्युल्यात पाण्याच्या रेणूंच्या जागी आकडा नाही, एक्स! म्हणजे पाणी किती ते तुम्हीच ठरवा. आता कोरड्या सोडियम हायड्रोसल्फाइडचा रेणुभार ५६, तर १०० मिलिमोलर स्टॉकला (नंतर पातळ करून वापरायचं दाट द्रावण) १ मिलीमध्ये ५.६ मिलिग्रॅम, हे गणित पोरंही करतील, पण त्या ५.६ मिलिग्रॅममध्ये पाणी किती आणि माल किती हे एक्सलाच माहीत. पहिला स्टार इथेच कापला. सर्टिफिकेट मागितलं तर एक शुद्धतेचा आकडा आला, बाकी अशुद्धी कोणत्या त्याचा पत्ता नाही.

वजन करतानाची गंमत वेगळीच. खडा चिमट्याने उचलून बोटीत ठेवला, बॅलन्सचं काचेचं दार लावलं, आकडा स्थिर व्हायची वाट बघतेय, तर तो स्थिर होतच नाही, शेवटचा अंक हळूहळू वर चढतोय. आधी वाटलं बॅलन्स बिघडलाय. मग खड्याकडे नीट बघितलं तर त्याच्या कडा ओलसर चकाकायला लागल्या होत्या, हवेतलं पाणी पीत होता तो माझ्या डोळ्यांदेखत. म्हणजे मी जे मोजतेय त्यात दर सेकंदाला हवेचं पाणी वाढतंय आणि त्याच वेळी गॅस उडून जातोय. तेव्हापासून मी नेमक्या ५.६ च्या नादाला लागत नाही, पटकन जे येईल ते वजन घेते आणि त्यावरून पाणी किती घालायचं ते काढते. पाणी आधीच नायट्रोजन सोडून ऑक्सिजन काढलेलं. विरघळल्यावर द्रावण पाण्यासारखं स्वच्छ दिसलं तर ठीक, पिवळसर झाक आली तर ओतून द्या, मन घट्ट करून ओतून द्या, कारण ती पिवळी झाक म्हणजे पॉलीसल्फाइड (गंधकाच्या अणूंच्या साखळ्या) आणि ती मंडळी स्वतःच प्रोटीन्सच्या सिस्टीनवर जाऊन बसतात. २०१३ मध्ये एका गटाने हेच दाखवलं की सोडियम हायड्रोसल्फाइडच्या नावावर खपणारा एक परिणाम प्रत्यक्षात त्यातल्या पॉलीसल्फाइडने होत होता. म्हणजे पाहुणा एक आणि जेवून गेला दुसराच.

आता मुख्य वापर. आमच्या आयएनएस-१ पेशी, त्यांच्या मीडियममध्ये (ज्या द्रवात त्या वाढतात) मुळातच ५० मायक्रोमोलर मर्कॅप्टोइथेनॉल असतं, त्यामुळे गंधकाचा वास त्यांना काही नवा नाही (आम्हालाही). पण इन्सुलिनच्या टेस्टसाठी पेशी धुवून साध्या क्रेब्ज बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणारं क्षारांचं द्रावण) घ्यायच्या, आधी २.८ मिलिमोलर ग्लुकोजमध्ये शांत बसवायच्या आणि मग १६.७ मिलिमोलर देऊन तासाभराने बफर काढून त्यातलं इन्सुलिन एलायझाने (अँटिबॉडी वापरून करायची चाचणी) मोजायचं. मी काय केलं, ९६ वेल (छोटे खळगे) असलेली एक प्लेट घेतली, डावीकडे कंट्रोल, मग १० मायक्रोमोलर, मग १००, मग उजवीकडे १ मिलिमोलर, अगदी आखीवरेखीव. निकाल आला तो बघून मी खूश झाले, १०० ला आणि १ मिलिमोलरला इन्सुलिन मस्त दबलेलं. पण १० ला पण दबलेलं. आणि मग दिसलं की कंट्रोलसुद्धा आदल्या आठवड्याच्या कंट्रोलपेक्षा कमी. म्हणजे ज्याला काहीच दिलं नाही तो पण दबला!

दोन वेळा परत केलं, तेच. मी ग्लुकोजवर संशय घेतला, एलायझा किटवर घेतला, पेशींच्या पॅसेज नंबरवर (त्या किती वेळा नव्या भांड्यात हलवल्या तो आकडा) घेतला. शेवटी आमच्या सीनियर ताई मागून येऊन म्हणाल्या, "झाकणाच्या आतून लीड ॲसिटेटचा कागद लाव ना एकदा, मग बोलू." लीड ॲसिटेटचा कागद म्हणजे शाळेत प्रॅक्टिकलला असायचा तोच, एचटूएस लागला की काळा पडणारा. कागदाच्या पट्ट्या कापून झाकणाच्या आत चिकटवल्या, प्लेट इन्क्युबेटरमध्ये, वीस मिनिटांनी काढली. १ मिलिमोलरच्या वर कागद चॉकलेटी-काळा, हे अपेक्षितच होतं. पण तो रंग तिथे थांबला नव्हता, डावीकडे फिका फिका होत थेट कंट्रोलच्या पहिल्या रांगेपर्यंत पसरला होता. गॅस झाकणाखालून फिरून शेजारच्या वेलमध्ये उतरत होता. माझं कंट्रोल कंट्रोल नव्हतंच, त्याला शेजाऱ्याच्या घरचा डोस मिळत होता. तीन आठवडे पाण्यात. तेव्हापासून एका प्लेटमध्ये एकच डोस, कंट्रोलची प्लेट वेगळी आणि शक्य असेल तर वेगळ्या शेल्फवर सुद्धा नाही, वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये.

आणि हे कळल्यावर मग खरा प्रश्न डोक्यात शिरला, की शेजारी गेला तर माझ्या वेलमध्ये उरला किती? याचं उत्तर आधीच कोणीतरी मोजून ठेवलंय, २०१२ मध्ये. उघड्या कल्चर वेलमध्ये एचटूएसचा अर्धा भाग साधारण ५ मिनिटांत उडून जातो. कारण सोपं आहे, ३७ डिग्रीला आणि पीएच ७.४ ला द्रावणातला सुमारे पाचवा हिस्सा विरघळलेल्या गॅसच्या रूपात असतो, बाकीचा एचएस मायनस आयन, आणि गॅस उडाला की आयनातून नवा गॅस तयार होतो, तोही उडतो, आणि असं चालूच. आता बोटांवर मोजा, ५ मिनिटांत अर्धा तर एका तासात १२ वेळा अर्धा. १०० मायक्रोमोलर घातलं असेल तर तासाच्या शेवटी ०.०२ च्या आसपास. आणि लोक लिहितात "पेशींना २४ तास १०० मायक्रोमोलर दिलं". कसलं २४ तास! पंधरा-वीस मिनिटं धक्का बसला आणि मग उरलेला दिवस पेशी साध्या बफरमध्ये बसल्या होत्या, वर थोडा थायोसल्फेटचा कचरा. हे वाक्य बाटलीच्या लेबलवर लाल अक्षरात छापायला हवं, त्यासाठी दुसरा स्टार कापला.

हे मी एवढं का ताणतेय, तर या क्षेत्रातलं मुख्य भांडणच याच्यावर अडकलंय असं मला आता वाटायला लागलंय. भांडण असं की एचटूएस बीटा पेशीचा मित्र की शत्रू. शत्रू म्हणणाऱ्यांकडे पुरावा आहे. २००७ मध्ये वांग यांच्याच गटाने दाखवलं की एचटूएसमुळे आयएनएस-१ई पेशींमध्ये ईआर स्ट्रेस (पेशीतल्या प्रोटीन घडवणाऱ्या भागावर ताण) येतो आणि पेशी आत्महत्या करतात. २००९ मध्ये झुकर जातीच्या डायबेटिक उंदरांच्या आयलेट्समध्ये एचटूएस जास्त बनतो असं सापडलं, आणि सीएसई अडवणारं औषध दिल्यावर त्यांचं इन्सुलिन वाढलं आणि साखर उतरली. २०११ मध्ये सीएसईचा जीनच काढून टाकलेल्या उंदरांना स्ट्रेप्टोझोटोसिन (बीटा पेशी मारणारं रसायन) दिलं तर डायबेटिस उशिरा आला. इतकं वाचून वाटतं संपला विषय, गॅस वाईट. पण मित्र म्हणणाऱ्यांचंही ऐका. त्याच २००९ मध्ये दुसऱ्या गटाने दाखवलं की जास्त ग्लुकोजमध्ये आयलेट्स स्वतःहून सीएसई वाढवतात आणि तो एचटूएस त्यांना ग्लुकोजच्या मारापासून वाचवतो. २०१३ मध्ये सीएसई नसलेल्या उंदरांना जास्त चरबीचं खाणं दिलं तर त्यांच्या बीटा पेशींचे जास्तच हाल झाले. आणि माणसांत, टाइप २ डायबेटिस असलेल्यांच्या रक्तात एचटूएस कमी सापडल्याचे २०१० चे रिपोर्ट आहेत. उंदराच्या आयलेटमध्ये जास्त आणि माणसाच्या रक्तात कमी, घ्या आता.

माझं मत विचाराल तर (नाही विचारलंत तरी सांगते) दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत आणि दोघांची मोजपट्टी वेगळी आहे. थोडा, सतत, पेशीने स्वतः बनवलेला एचटूएस म्हणजे दमलेल्या पेशीला लावलेला ब्रेक, जरा थांब, एवढं इन्सुलिन ओतू नकोस. ब्रेक लागला म्हणून इन्सुलिन कमी दिसतं, पण पेशी जगते. आणि तोच गॅस एकदम भसकन आला की मायटोकाँड्रियाच्या शेवटच्या एन्झाइमवर, सायटोक्रोम सी ऑक्सिडेजवर, जाऊन बसतो आणि पेशीचा श्वासच कोंडतो. गंमत म्हणजे अगदी थोडा असला तर मायटोकाँड्रिया त्यालाच इंधन म्हणून जाळतात. आता सोडियम हायड्रोसल्फाइडची बाटली तुम्हाला काय देते? फक्त ती भसकन येणारी लाट. संथ धार तिच्यात नाहीच. मग या बाटलीने केलेल्या प्रयोगावरून पेशीच्या आतल्या संथ धारेबद्दल बोलायचं म्हणजे बादली डोक्यावर ओतून रिमझिम पावसाचा अभ्यास केल्यासारखं.

वेगळ्या प्लेटा करून, ताजं द्रावण करून, वजनाची घाई करून पुन्हा केलं तेव्हा काय आलं, हे पण सांगते. जास्त डोसला इन्सुलिन दबलं, पेपरांत लिहिलंय तसंच. कंट्रोल परत जागेवर आलं, हा सगळ्यात मोठा आनंद. ग्लिबेनक्लामाइड सोबत दिलं तर दबलेलं इन्सुलिन थोडं वर आलं पण पूर्ण नाही, म्हणजे पोटॅशियमच्या दाराशिवाय अजून काहीतरी आहे. हे मला आधी माझी चूक वाटली, मग २०१३ चा पेपर वाचला ज्यात एचटूएस उंदराच्या बीटा पेशींच्या कॅल्शियम चॅनललाच अडवतो असं दाखवलंय, आणि जीव भांड्यात पडला. एक राहिलं, सोडियम हायड्रोसल्फाइडचं द्रावण अल्कली असतं, बफर कमजोर असेल तर १ मिलिमोलरलाच पीएच सरकतो, तेव्हा पीएच बघा, नाहीतर तुम्ही एचटूएसचा नाही पीएचचा रिव्ह्यू लिहाल.

एचटूएस मोजायच्या किटबद्दल जास्त लिहित नाही, मिथिलीन ब्लूची जुनी पद्धत वापरली, ६७० नॅनोमीटरला निळा रंग मोजायचा. त्यात ॲसिड घालावं लागतं आणि ॲसिडने प्रोटीन्समधल्या लोह-गंधकाच्या जोड्यांतूनही सल्फाइड सुटतं, त्यामुळे आकडा फुगतो. जुन्या पेपरांत रक्तात दहा-वीस मायक्रोमोलर किंवा त्याहून जास्त एचटूएस लिहिलेला असेल तर जपून वाचा, इतका मोकळा गॅस रक्तात असता तर आपल्या श्वासाचाच वास आला असता.

पर्याय म्हणून जीवायवाय-४१३७ पण वापरून बघितलं. हे २००८ मध्ये आलेलं संथ सोडणारं डोनर, तासन्‌तास थोडा थोडा एचटूएस देतं, वास कमी, बॅलन्सवर नखरे नाहीत. वाटलं की हीच ती रिमझिम. पण याचीही एक खोड आहे, बाजारात मिळणाऱ्या पावडरीत डायक्लोरोमीथेन अडकलेलं असतं, आणि शरीरात त्यापासून कार्बन मोनॉक्साइड बनतो, जो स्वतःच एक निरोप्या गॅस. म्हणजे एका गॅसचा अभ्यास करायला दुसरा गॅस फुकट! म्हणून जुनं, गॅस संपलेलं द्रावण कंट्रोल म्हणून लावायचंच. तरी पेशींवर दिवसभराचा प्रयोग असेल तर मी आता हेच घेते, आणि सोडियम हायड्रोसल्फाइड फक्त अर्ध्या तासाच्या आतल्या कामांना, चॅनल उघडतो का, कॅल्शियम हलतं का, अशा. एपी३९ नावाचं मायटोकाँड्रियात जाऊन सोडणारं डोनर पण आहे, ते मी वापरलेलं नाही.

सुरक्षिततेचं थोडक्यात पण गंभीरपणे. फ्यूम हूडच्या बाहेर बाटली उघडायची नाही. "वास येईनासा झाला म्हणजे गेला" असं समजू नका, साधारण १०० पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं आणि वास येणं थांबतं, आणि अमेरिकेच्या नायोश संस्थेने जिवाला तत्काळ धोका म्हणून जो आकडा दिलाय तोही १०० पीपीएमच. उरलेलं द्रावण ॲसिडच्या वेस्टमध्ये कधीच ओतू नका. आमच्याकडे एकाने नुसतं रिकामं ट्यूब ॲसिडच्या डब्यात टाकलं होतं तर अख्खा मजला खाली उतरला, आणि खाली उभं राहिल्यावर सगळे माझ्याकडेच बघत होते, मी त्या दिवशी लॅबमध्ये नव्हतेच तरी.

तर ३ स्टार. एक हायड्रेटच्या एक्सचा कापला, एक लेबलवर न छापलेल्या ५ मिनिटांचा. काम मात्र करतं, झटपट प्रयोगाला याच्याइतकं सरळ दुसरं नाही आणि एकदा सवयी लागल्या की निकाल पुन्हा पुन्हा तसेच येतात. माझी बाटली आता अर्धी झालीय, वरचे खडे पिवळे पडून एकमेकांना चिकटलेत, खालचे अजून बरे आहेत. नवीन मागवलीय ती आली की पहिल्याच दिवशी आर्गॉन भरून छोट्या छोट्या सीलबंद कुप्यांत वाटून ठेवणार, एक प्रयोग एक कुपी, आणि लीड ॲसिटेटच्या कागदांचा डबा तिच्या शेजारीच.